उत्तर न देणाऱ्यांचं काय?

मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली. "सर, नऊशे फॉर्म भरून आलेत!" पाठवले किती जणांना, असं विचारलं तर म्हणाली, "मोजले नाहीत, ग्रुपवर टाकले होते." हसू नका. उत्तर न देणाऱ्यांना विसरण्याचा हाच घोळ अमेरिकेत १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या बड्या साप्ताहिकाने घातला होता, तोही २० लाखांहून जास्त उत्तरं हातात असताना.

त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी सत्तेवर असलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याविरुद्ध कॅन्ससचे गव्हर्नर आल्फ लँडन उभे होते. डायजेस्टचा १९१६ पासून प्रत्येक निवडणुकीचा अंदाज बरोबर ठरलेला, त्यामुळे बाजारात पत होती. त्यांनी 'मत कुणाला?' असं विचारणारी सुमारे १ कोटी कार्डं टपालाने धाडली. पत्ते मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले. पाव हिश्शाहून कमी कार्डं परत आली आणि निष्कर्ष निघाला, लँडन आरामात जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्टना जवळजवळ ६१ टक्के मतं पडली. १९३८ मध्ये साप्ताहिकच बंद झालं.

पाठ्यपुस्तकं इथे थांबतात. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे? पैसेवाल्यांकडे. पैसेवाले रूझवेल्टच्या विरोधात. झालं! उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. शिकागोत डायजेस्टने फोनवाले नव्हे, मतदारयादीतला दर तिसरा माणूस घेतला होता. म्हणजे यादीत खोट नव्हती. तरीही उत्तर देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लँडनचे निघाले आणि शहराने मात्र रूझवेल्टना भरभरून मतं दिली. ज्यांना सरकारचा राग होता त्यांनी कार्ड भरून पेटीत टाकलं. जे समाधानी होते त्यांचं कार्ड बहुधा चहाच्या कपाखाली राहिलं.

शितावरून भाताची परीक्षा आपण करतो खरी, पण आधी भात खालपासून ढवळलेला हवा. वरचा शिजलेला थर हंडाभर काढला तरी तळाचा भात करपला की नाही ते कळत नाही. नमुना, म्हणजे ज्यांना विचारलं ती माणसं, किती मोठा ही नंतरची गोष्ट.

आता दुसरा पेच. समजा नमुना उत्तम आहे. पण कशाचा नमुना? ज्या समूहाबद्दल बोलायचं त्याला संख्याशास्त्रात समष्टी म्हणतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांच्या बेरजेवर ठरत नाही. राज्याराज्यांतून इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, निवडले जातात, आणि बहुतेक राज्यांत जो पुढे, त्याच्या पदरात राज्यातले सगळे इलेक्टर. म्हणून १९३६ मध्ये लँडनना तिसऱ्या हिश्शाहून जास्त मतं मिळूनही ५३१ पैकी ८ इलेक्टर मिळाले. मेन आणि व्हरमाँट, दोनच राज्यं. २०१६ मध्ये उलट झालं. देशपातळीच्या जनमत चाचण्या हिलरी क्लिंटन पुढे म्हणत होत्या, आणि त्या पुढे होत्याच, जवळजवळ २९ लाख मतांनी. पण विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून ८० हजारांहूनही कमी मतांनी ट्रम्प यांच्याकडे गेली. चाचण्या खरोखर चुकल्या त्या राज्यांतल्या. कमी शिकलेले मतदार नमुन्यात कमी आले होते, आणि अनेक संस्थांनी शिक्षणाचा भार लावून, म्हणजे कमी आलेल्यांच्या उत्तरांना जास्त वजन देऊन, ती तूट भरून काढली नव्हती.

त्या विद्यार्थिनीला मी नऊशे फॉर्म टाकून द्यायला नाही सांगितलं. ग्रुपमध्ये माणसं किती आणि फॉर्म न भरणारी कोण, एवढं आधी शोधून आण म्हटलं. अजून आलेली नाही.