आत्याच्या पाटल्या

नमस्कार श्रोते हो. आखातातून माणसं सुट्टीला येण्याचे हे दिवस. बेळगाव म्हणा, खानापूर म्हणा, निपाणी म्हणा, गल्लीत एक तरी घर असं असतं ज्याचा मुलगा मस्कतला नाहीतर दुबईला आहे आणि ज्याच्या कपाटावर तिकडची वाघाचं चित्र असलेली ब्लँकेट प्लॅस्टिकसकट ठेवलेली आहे. वापरत कुणी नाही. आपल्याकडं थंडी पडते ती दोन महिने, आणि त्या ब्लँकेटखाली माणूस गुदमरतो. असो. आजचा विषय आहे, तिकडून आणलेला माल कस्टममधून घरी कसा आणायचा.

कस्टम हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. १९६१ च्या डिसेंबरापर्यंत गोव्यात पोर्तुगीज होते आणि लोंढ्याच्या पुढं कॅसलरॉकला आपला देश संपत होता. गाडी थांबायची, ट्रंका उघडायच्या. १९५५ मध्ये ती वाहतूकच बंद पडली. आमचे आजोबा कुठल्याही परदेशी वस्तूला शेवटपर्यंत ‘गोव्याचा माल’ म्हणत, मग ते घड्याळ जपानचं का असेना.

आता पहिली गोष्ट. सांबऱ्याला, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावर, उतरतात ती देशातली विमानं. तुमचं कस्टम होणार ते मुंबईला, बेंगळूरला किंवा गोव्याला, जिथं तुम्ही बाहेरून येऊन पहिल्यांदा उतरता तिथं. साधारणपणे बॅगा तिथंच पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून बाहेर काढायच्या आणि मग पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या. पुन्हा सांगतो, कस्टम पहिल्या विमानतळावर, सांबऱ्याला नाही.

बाहेर पडायला दोन वाटा असतात. ज्याच्याकडं ड्युटी लागण्यासारखं काही नाही त्याला ग्रीन चॅनल. ज्याच्याकडं आहे, किंवा ज्याला शंका आहे, त्याला रेड चॅनल. रेड चॅनलमध्ये गेलं म्हणून कुणी चोर होत नाही. ग्रीनमधून गेलात आणि बॅगेत काही सापडलं, तर मात्र प्रश्न सुरू होतात. कसे सुरू होतात ते आमच्या आत्याकडून ऐका.

आत्या शहापूरची. मुलगा दुबईला. नातू झाला म्हणून तीन महिने जाऊन राहिली. परत येताना मुलानं एक सोन्याची साखळी केली. त्याला कुणीतरी सांगितलेलं, बायकांना चाळीस ग्रॅम माफ असतं. आत्या साखळी घालून, वरून पदर घेऊन, ग्रीन चॅनलमधून निघाली. विमानतळ कुठला ते सांगत नाही. पहाटेचे साडेतीन.

अधिकाऱ्यानं थांबवलं. साखळी नवी करकरीत. बिल? बिल पर्समध्ये होतं, ते निघालं. आत्या म्हणाली, "चाळीस ग्रॅम माफ आहे की वो." तो म्हणाला, "आजी, ती सवलत वर्षाहून जास्त तिकडं राहून येणाऱ्याला. तुम्ही तीन महिने राहिलात." हे लक्षात ठेवा श्रोते हो. वर्षभराहून जास्त राहिलेल्यांसाठी ती सवलत, भेटीला जाऊन येणाऱ्यांसाठी नाही.

साखळीची ड्युटी भरली असती तर विषय संपला होता. खरं, आता त्याचं लक्ष गेलं हातांकडं. दोन्ही हातांत पाटल्या. जाड, जुन्या वळणाच्या. "ह्या कुठून घेतल्या?" आत्या म्हणाली, "लग्नातल्या." "पुरावा?" आता सांगा, लग्नातल्या पाटल्यांचा पुरावा कुणाकडं असतो? ज्या सराफानं केल्या तो गेला, त्याचं दुकान गेलं, तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

आणि इथं माझा फोन वाजला. पावणेचारला. आत्या म्हणाली, "पोटमाळ्यावर निळी ट्रंक आहे. त्यात माझा लग्नाचा अल्बम आहे. पाटल्या दिसतील असा फोटो पाठव. ताबडतोब."

शिडी लावली. निळी ट्रंक सगळ्यांत खाली, वर दिवाळीचे आकाशकंदील, गणपतीची मखर आणि एक बंद पडलेला मिक्सर, जो कुणीच टाकू देत नाही. अल्बम सापडला. काळी पानं, मध्ये तो पातळ जाळीचा कागद, चारी कोपऱ्यांत फोटो खोचलेले. डांबरगोळीचा वास नाकात, तोंडात टॉर्च, हातात मोबाईल. फोटो बघतो तर काय, नवरी मुलगी, दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवा चुडा! पाटल्या चुड्यामागं गेलेल्या. एका फोटोत हात दिसतो, तिथं नेमका भटजी आडवा. बारशाच्या फोटोत पाटल्या आहेत, खरं त्यांच्यावर बाळाचं कुंचडं आलंय. मी बारा फोटो काढून पाठवले. एकाही फोटोवर निळी खूण उमटेना.

तिकडं दुसरंच चाललेलं. अधिकाऱ्यानं एका महिला अधिकाऱ्याला बोलावलं, पाटल्या काढून वजन करू म्हणून. पाटल्या निघेनात. साबण लावला, निघेनात. हात वर धरायला सांगितला, निघेनात. आत्या चिडली की कन्नडवर जाते, ती गेली. मग त्या बाईंनी पाटली थोडी वर सरकवली आणि खाली बघितलं. मनगटाला खोल वळ, कातडी पांढरी, पाटलीची आतली कड झिजून कागदासारखी झालेली. त्या साहेबांना म्हणाल्या, "सर, ज्या पाटल्या इथं साबण लावून निघत नाहीत, त्या दुबईच्या दुकानात घातल्या कशा?"

साहेब हसले. साखळीची ड्युटी भरून घेतली, पावती दिली, पाटल्या सोडल्या. आत्या बाहेर पडून चहा प्यायली. मला कळवायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. मी सहा वाजेपर्यंत पोटमाळ्यावर होतो.

आता ह्यात करायला काय पाहिजे होतं? जाताना, म्हणजे इथून निघताना, विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येतं. आपला दागिना दाखवायचा, त्याचं वर्णन आणि वजन कागदावर लिहून घ्यायचं. सराफाचं वजनाचं पत्र आणि फोटो जवळ असले तर काम सोपं. येताना तो कागद दाखवला की वाद नाही. भारी कॅमेऱ्यालाही हेच. जाताना कागद घ्यायचा. थोडा वेळ हातात ठेवूनच विमानतळ गाठायचा, गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ल्याच्या घाटावर भरवसा ठेवून नव्हे. त्या रस्त्याबद्दल मी एकदा वेगळं बोलणार आहे.

वेळ थोडा राहिला, तेव्हा बाकीचं पटपट. २०१६ च्या नियमांत आपल्या माणसाला मोफत, म्हणजे ड्युटी न भरता आणायच्या, मालाची मर्यादा पन्नास हजार रुपये होती. हे आकडे सरकार बदलतं, निघायच्या आधी कस्टमच्या संकेतस्थळावर बघून घ्या. एक मात्र पक्कं, ही सवलत माणशी असते. नवरा-बायकोची बेरीज करून एक मोठी वस्तू बसवता येत नाही. सपाट टीव्ही तर २०१३ च्या ऑगस्टपासून मोफत मालात धरतच नाहीत, त्यावर ड्युटी पडते. ती भरून, फुटेल म्हणून जीव मुठीत धरून आणलेला टीव्ही खडेबाजारात केवढ्याला मिळतो ते आधी विचारा. लॅपटॉप एक चालतो, अठरा वर्षांवरच्या माणसाला. दारू दोन लिटर. आणि हो, ते दोन लिटर परदेशातून येणाऱ्याला. गोव्यातून कणकुंबीच्या नाक्यावर हे गणित सांगू नका. तिथं अबकारी खातं असतं, कस्टम नव्हे.

बिल फाडू नका. लोक सांगतात फाडा म्हणून. बिल नसलं की किंमत अधिकारी ठरवतो.

मागून जहाजानं किंवा कार्गोनं माल पाठवलात तर त्याला ती मोफत मर्यादा लागत नाही, वापरलेल्या घरगुती सामानाचं वेगळं. आणि २०१९ च्या डिसेंबरापासून तिकडून ‘भेट’ म्हणून पाठवलेलं पार्सलही सहसा माफ नसतं, राखी सोडून. "कस्टममधून बोलतोय, तुमचं पार्सल अडकलंय, ह्या नंबरवर पैसे टाका," असा फोन आला तर ठेवून द्या. ड्युटी अशी कुणाच्या मोबाईलवर भरत नसतात.

आत्या दिवाळीनंतर परत निघाली आहे. ह्या वेळी मी स्वतः तिला विमानतळावर सोडणार आणि त्या कस्टमच्या खिडकीपुढं उभी करणार. प्रमाणपत्रासाठी पाटल्यांचं वजन लागेल, आणि पाटल्या तर निघत नाहीत. काल सराफाला विचारलं. तो म्हणाला, आत्याला घेऊन या, बघू.

नमस्कार.