कौलांवरून सुरू होणारा खेळ

मंडळी, आपल्या लहानपणी चेंडू कौलांवर गेला की डाव तिथेच संपायचा. आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहे, तो छपरावरूनच सुरू होतो. रिअल टेनिस. चार भिंतींच्या आतलं कोर्ट, सर्व्हिस करणारा चेंडू बाजूच्या भिंतीलगतच्या उतरत्या छपरावर टाकतो, तो घरंगळत समोरच्याच्या बाजूला उतरतो आणि मग मारामारी. जाळं दोन्ही टोकांना पाच फूट, मधे तीन. वाळत घातलेल्या चादरीसारखा झोळ. फ्रान्समध्ये याला 'ज्यू द पोम' म्हणतात, तळहाताचा खेळ, कारण रॅकेट नंतर आली. विम्बल्डनवर आपण बघतो ते याचं एकोणिसाव्या शतकातलं नातवंड.

जगात आज याची कोर्टं पन्नासच्या आसपास असतील. ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, संपलं. एके काळी एकट्या पॅरिसमध्ये याहून कितीतरी जास्त होती. गेली कुठे? काही नाटकवाल्यांनी घेतली! लांबट, उंच, मधे खांब नाही, बघ्यांसाठी सज्जा तयार. अशी जागा आयती मिळाली तर कोण सोडेल? फ्रेंच नाटककार मोलिएरच्या पहिल्या नाटक मंडळीचं थिएटर 1644 मध्ये अशाच एका कोर्टात उघडलं. तेवढ्यापुरतं आपण मराठी माणसांनी माफ करायला हरकत नाही.

व्हर्सायचं कोर्ट 1686 चं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुरुवातीला, 20 जून 1789 ला, सभागृहाची दारं बंद दिसल्यावर लोकप्रतिनिधी तिथे जमले आणि राज्यघटना होईपर्यंत पांगणार नाही अशी शपथ घेतली. त्या शपथेमुळे वास्तू वाचली, पण आता ते संग्रहालय आहे, तिथे चेंडू उडत नाही. माझं भांडण आहे ते याच्याशी. भिंती जपल्या म्हणजे कोर्ट जपलं, असं होत नाही.

अमेरिकेतलं न्यूपोर्ट बघा. 1880 चं कोर्ट, 1945 मध्ये आगीत गेलं. 1980 मध्ये पुन्हा उभं राहिलं, ते खेळण्यासाठी. आता अशा कामात अडचण काय येते? या खेळात भिंतीही खेळतात. एका भिंतीला मुद्दाम तिरका फुगवटा असतो, त्यावर आपटून चेंडू भलतीकडे वळतो. कोणतीही दोन कोर्टं तंतोतंत सारखी नाहीत, त्यामुळे 'स्टँडर्ड माप' घेऊन जाणारा इंजिनीअर इथे फसतो. आणि गिलावा! भिंतीला घाम आला की चेंडू घसरतो. जोसेफ बिकली नावाच्या इंग्रज गवंड्यानं घाम न येणारा गिलावा काढला होता. त्याची कृती त्याच्याबरोबरच गेली, असं या खेळातले लोक सांगतात. आपल्याकडे चुन्यातल्या वाड्यांना सरसकट सिमेंट फासणाऱ्यांना हे ऐकवायला हवं, पण तो विषय काढला तर आपण इथेच रात्र काढू.

गिलावा झाला तरी चेंडू कुठून आणणार? आत बुचाच्या लाकडाचा गाभा, त्यावर कापडाच्या पट्ट्या ताणून गुंडाळायच्या, दोऱ्यानं आवळायच्या, वरून लोकरी कापड हातानं शिवायचं. आपला चिंध्यांचा चेंडूच, फक्त घराणेदार! हे काम कोर्टाचा 'प्रोफेशनल' करतो. शिकवणारा तोच, गुण मोजणाराही बहुधा तोच. तो टिकवायचा तर सदस्य हवेत, वर्गणी हवी, शिकायला येणारी पोरं हवीत. देणगीदार मात्र छपरासाठी पैसे देतो. पगारासाठी कोण देणार? पगारावर पाटी लावता येत नाही ना!

स्कॉटलंडमधल्या फॉकलंड राजवाड्याचं कोर्ट 1539 चं, पाचव्या जेम्स राजानं बांधलेलं. आजही खेळात असलेल्या कोर्टांमध्ये सगळ्यांत जुनं. त्याला वर छतच नाही. पाऊस आला की खेळ थांबतो, आणि स्कॉटलंडमध्ये पाऊस यायला मृग नक्षत्र लागत नाही. तरी तिथे क्लब आहे, लोक येतात, फरशी कोरडी व्हायची वाट बघतात आणि पुन्हा बाजूच्या छपरावर चेंडू टाकतात.