दांड्यामागची मान

नमस्कार, श्रोतेहो.

१८ नोव्हेंबर २००७, बाल्टिमोर. अमेरिकन फुटबॉलचा सामना. यजमान रेव्हन्स ३०, पाहुणे ब्राउन्स २७, आणि वेळ संपत आलेली. ब्राउन्सच्या फिल डॉसनची ५१ यार्डांवरून शेवटची किक. फील्ड गोल झाला, म्हणजे लाथाडलेला चेंडू गोलच्या खांबांमधून गेला, तर तीन गुण आणि बरोबरी. चेंडू डाव्या खांबावर आदळला, आत वळला, मागं कशावर तरी आपटला आणि उलटा मैदानात येऊन पडला. गोल नाही, असं ठरलं. रेव्हन्स हसत ड्रेसिंग रूममध्ये गेलेसुद्धा.

सगळी गोम त्या ‘कशावर तरी’मध्ये आहे. या खेळातला गोल डोळ्यांसमोर आणा. जमिनीपासून दहा फुटांवर आडवा दांडा, त्यावर साडेअठरा फुटांच्या अंतरानं दोन उभे खांब. पण हा डोलारा पेलणारा खांब दांड्याच्या खाली नसतो. तो थोडा मागं रोवलेला असतो आणि हंसाच्या मानेसारखा पुढं वाकून दांड्याला भिडतो. चेंडू आपटला तो या मानेवर.

नियम सांगतो, अख्खा चेंडू दांड्यावरून, खांबांमधून पलीकडे गेला पाहिजे. पलीकडे जाऊन कुठंही न लागता तसाच माघारी आला, समजा वाऱ्यानं, तर गोल नाही. पण पलीकडच्या जमिनीला, माणसाला, वस्तूला लागून परतला तर गोल पक्का. आणि मान तर दांड्याच्या पलीकडेच!

गंमत अशी, की तेव्हा फील्ड गोलचा निर्णय रिप्लेवर तपासायला परवानगीच नव्हती. घरी सोफ्यावर बसलेल्याला जे पुन्हापुन्हा दिसत होतं, ते पंचांना बघायची मुभा नाही. ते आपसांत बोलत राहिले, कुणी काय पाहिलं ते जुळवत राहिले आणि शेवटी निर्णय फिरवला. रेव्हन्सना परत बोलावलं. जादा वेळेत डॉसननंच सामना काढला, ३३-३०. पुढच्याच वर्षी अशा किकसाठी रिप्ले आला.

एक फट मात्र उरली. खांबाच्या टोकाच्याही वरून गेलेला चेंडू रिप्लेच्या कक्षेबाहेर राहिला. तिथं पंचानं मान वर करून, नसलेला खांब मनातल्या मनात आभाळात वाढवायचा आणि चेंडू त्याच्या बाहेरच्या कडेच्या आत होता का, ते सांगायचं. २०१२ मध्ये त्याच मैदानावर, पेट्रियट्सविरुद्ध, रेव्हन्सच्या जस्टिन टकरची २७ यार्डांची किक अशीच उंच गेली. गोल दिला, रेव्हन्स ३१-३० जिंकले. पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी जाब विचारायला पंचाचा हात धरला आणि ५० हजार डॉलर दंड भरला.

२०१४ मध्ये एनएफएलनं, म्हणजे हे सामने भरवणाऱ्या लीगनं, खांब पाच फुटांनी वाढवले. खरेखुरे, आभाळातले नव्हे.