मॅग्नमची पुंगळी

(दृश्य : भोसरी. लेथच्या चकमध्ये पितळेची जाड कांब फिरते आहे.)

टूल टेकलं की पितळेचा कीस असा सोनेरी भुरभुर उडतो. लेथवर उभे असलेले काका खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून, टूलरूममधून निवृत्त झाले. आता भाच्याच्या वर्कशॉपमध्ये ते काडतुसांचे पाचपट मोठे नमुने घडवतात. आत दारू नाही, ती पेटवणारी बुडातली टोपी नाही, निव्वळ पितळ. आजचा नमुना .50 ॲक्शन एक्स्प्रेसचा. (.50 हा आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचात.) सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलासाठी निघालेल्या सर्वांत दणकट काडतुसांत याची गणना होते.

(दृश्य : नमुन्याच्या बुडावरून फिरणारं बोट.)

"इथं बोट लावून बघा," काका म्हणतात. पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, अंगाचा व्यास सत्तर मिलिमीटरच्या आसपास, पण बुडाची कड पासष्टच. कड अंगापेक्षा लहान! ती अशी का, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

मॅग्नम म्हणजे नेहमीपेक्षा जास्त ताकदीचं काडतूस. .357 मॅग्नम 1935 साली आलं, .44 मॅग्नम 1955-56 मध्ये. दोन्ही रिव्हॉल्व्हरची. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड लागते, तिच्यावरच ते चक्रीत अडकून राहतं. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये मात्र काडतुसं एकावर एक बसतात. तिथं वरच्याची कड खालच्याच्या कडेत अडकली की पिस्तूल जाम. ताकद मॅग्नमची हवी आणि पुंगळी बिनकडेची, म्हणजे कड अंगाबाहेर न येणारी हवी, असा तो पेच होता.

(दृश्य : टेबलावर रायफलच्या पुंगळीचा नमुना. काका हॅकसॉ लावतात.)

कॅलिफोर्नियातल्या हॅरी सॅनफर्ड यांनी त्यावर काढलेला तोडगा पाहा. रायफलची .308 किंवा .30-06 ची पुंगळी घ्यायची, कापून आखूड करायची आणि तिच्यात .44 ची गोळी बसवायची. रायफलची पुंगळी मुळातच बिनकडेची, जाड भिंतीची, मोठा दाब पेलणारी. या .44 ऑटो मॅग काडतुसाचं पिस्तूल 1971 मध्ये बाजारात आलं. कंपनी वर्षभरातच बुडाली, पण कल्पना टिकली. 1977 मध्ये .45 विंचेस्टर मॅग्नम आलं आणि 1988 मध्ये इव्हान व्हिल्डिन यांचं हे .50. त्यांनी कड .44 मॅग्नमच्याच मापाची ठेवली. त्यामुळे डेझर्ट ईगल पिस्तुलाचा बोल्ट तोच राहिला, नळी आणि मॅगझिन तेवढं बदललं की झालं. सगळी खुबी त्या पाच मिलिमीटरांत आहे, आणि खऱ्या काडतुसात तर तो फरक एकच मिलिमीटरचा!

(दृश्य : दोन नमुने शेजारी शेजारी.)

डावीकडचं 9 मिलिमीटर, आपल्या लष्कराच्या आणि पोलिसांच्या पिस्तुलात असतं ते. त्याची गोळी साधारण 8 ग्रॅमची, ऊर्जा सुमारे 500 ज्यूल. उजवीकडच्या .50 ची गोळी 19 ग्रॅमच्या वर, ऊर्जा 2000 ज्यूलच्या आसपास. चौपट.

एवढा दाब सांभाळते ती पुंगळी. टोपी पेटली की पितळ क्षणभर फुगतं, नळीच्या खोबणीला घट्ट चिकटतं आणि वायू मागं येऊ देत नाही. दाब उतरला की किंचित आकसतं, म्हणून तर ती बाहेर निघते.

(दृश्य : हातप्रेस. पत्र्याची चकती, मग वाटी, मग नळकांडं.)

फॅक्टरीत कॅमेरा नेता येत नाही. काकांनी हातप्रेसवर जे करून दाखवलं ते नीट बघा. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. चकतीची वाटी होते, वाटी डायमधून ओढली की लांबते, पण ओढताना पितळ कडक होतं. तसंच पुढं ओढलं तर चिरतं. म्हणून मध्येच भट्टीत घालून मऊ करायचं, धुवायचं, पुन्हा ओढायचं. बूड मात्र कडकच राहायला हवं आणि तोंड मऊ. एकाच पुंगळीचे हे दोन स्वभाव. हाताखालून वर्षानुवर्षं पितळ गेलेल्या माणसाला पत्रा दाबला जातानाच्या आवाजावरून कळतं, चिरणार की ओढलं जाणार.

खडकीची ही फॅक्टरी 1869 ची. तिथल्या पुंगळीच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असतात. ऑक्टोबर 2021 पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे आणि या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच. दीडशे वर्षांत पितळ ओळखणाऱ्या किती पिढ्या इथं भोंग्यावर आत गेल्या आणि बाहेर आल्या. त्यांचं ज्ञान मात्र पेन्शनबरोबर घरी जातं. पुण्यात रेल्वेच्या मॉडेलांचं संग्रहालय आहे, आदिवासी संस्कृतीचं आहे. या हातांसाठीही एक दालन हवंच.

ही मॅग्नम काडतुसं शिकारीसाठी आणि छंदाच्या नेमबाजीसाठी विकली जातात, गोळीपुढं माणूस आला तर माणूस मरतो. आपल्याकडं शस्त्रांवर 1959 चा कायदा आहे, परवान्याशिवाय काडतूसही बाळगता येत नाही.

(दृश्य : काका नमुन्यावर कापड फिरवून तो कपाटात ठेवतात. तिथं आणखी नमुने.)

काकांकडं असे आणखी नमुने आहेत, आणि त्यांच्याबरोबर काम केलेले दोघं आमच्याशी बोलायला तयार झाले आहेत. पुढच्या भागात त्यांच्याकडून टोपीची गोष्ट ऐकू.