साडीच्या घडीतला साबणाचा कागद

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात, माडीवरच्या खोलीत हे लोखंडी कपाट आहे. काकू वरचा खण उघडतात आणि नऊवारीच्या घडीतून एक कागद अलगद ओढून काढतात. मग दुसरा. इरकलीच्या खालून तिसरा. साबणाचं वेष्टन कपड्यांत ठेवलं की साड्यांना वास राहतो, ही आपल्याकडची घराघरातली सवय. काकूंनीही तेच केलं, पण वास उडाल्यावरही जुने कागद टाकले नाहीत. त्यामुळे एका साबणाचा अख्खा इतिहास या कपाटात जपला गेला.

हा साबण सासूबाईंच्या वेळेपासून घरात होता. पाहुणा आला की त्याच्यासाठी नवी वडी फोडायची. मुलगा शिकायला पुण्याला निघाला तेव्हा त्याच्या ट्रंकेत चिवड्याच्या डब्याशेजारी याच वड्या गेल्या. पुढे त्याच ब्रँडची पावडर आली, तेल आलं, आणि न्हाणीघरातला कोनाडा एकाच नावानं भरून गेला.

ते नाव पडद्यावर आम्ही झाकलं आहे. जे दाखवायचं आहे ते कागदाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत आहे.

पहिला कागद, सर्वांत जुना: टॉयलेट सोप, ग्रेड 1, टीएफएम 76 टक्के. दुसरा कागद: ग्रेड 2, टीएफएम 70 टक्के. आणि हा तिसरा, अलीकडचा. इथे सोप हा शब्दच नाही. इथे लिहिलंय, बेदिंग बार.

समोरच्या बाजूला तेच फूल, तोच रंग, तीच अक्षरं.

टीएफएम म्हणजे साबणातला एकूण स्निग्धांश, तेला-चरबीतून आलेला भाग. भारतीय मानक ब्युरोच्या मानकानुसार ग्रेड 1 साबणात तो किमान 76 टक्के लागतो, ग्रेड 2 मध्ये 70, ग्रेड 3 मध्ये 60. बेदिंग बारचं मानकच वेगळं आहे. तिथे 40 टक्के असला तरी चालतो. उरलेल्या जागेत काय भरतात, ते पाहायला आम्ही नागपूरजवळच्या हिंगण्याला गेलो.

हिंगणा एमआयडीसीतला हा छोटा कारखाना त्या ब्रँडचा नाही. इथे दुसऱ्यांसाठी, मागणीप्रमाणे साबण तयार होतो. पण साबणाची रीत सगळीकडे साधारण हीच. पोत्यातून ओतलं जातंय ते पांढरं, शेवयांच्या चुऱ्यासारखं दिसणारं, त्याला इथे नूडल्स म्हणतात. पाम तेल, पामच्या बियांचं किंवा नारळाचं तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या क्रियेतून हा साबण होतो आणि सोबत ग्लिसरीन सुटतं. मोठे कारखाने त्यातलं बरंचसं ग्लिसरीन वेगळं काढून विकतात, कारण त्याला स्वतंत्र भाव आहे.

नूडल्स मिक्सरमध्ये पडतात. त्यावर रंग, त्यावर सुगंध. आणि आता या पोत्याकडे बघा. ही शंखजिऱ्याची भुकटी, म्हणजे टाल्क. ऑपरेटर ती मापानं टाकतो. थोडी टाकली तर वडी घट्ट होते, हाताला छान लागते. जास्त टाकली तर वजन भरतं आणि तेलाचा खर्च वाचतो. किती टाकायची, हे ज्याची मागणी असेल तो ठरवतो.

मग रोलर. तीन जाड लाटण्यांमधून मिश्रण दाबून निघतं आणि पातळ पापुद्रे खाली पडतात. ते जातात प्लॉडरमध्ये. आतला स्क्रू फिरतो, हवा शोषली जाते आणि तोंडातून हा गरम, चकचकीत, अखंड दांडा बाहेर येतो. सबंध कारखान्यात बघत राहावं असं काही असेल तर ते हेच. पुढे तार त्याचे तुकडे पाडते, ठसा बसतो, आणि ज्या नावाचा ठसा, त्या नावाची वडी होते.

आमच्या विनंतीवरून ऑपरेटरनं दोन वड्या मधोमध मोडून दाखवल्या. डावीकडची ग्रेड 1, कड ओढल्यासारखी, चिवट. उजवीकडची भरताड जास्त असलेली. ती खडूसारखी कट्कन तुटली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. टीएफएम कमी म्हणजे वस्तू वाईटच, असं नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडून नाजूक त्वचेसाठी मिळणाऱ्या काही वड्यांत साबण नसतोच, आणि त्या सौम्य असतात. तक्रार आहे ती जुनं नाव ठेवून आतला माल बदलण्याबद्दल. 2022 मध्ये इंडोनेशियानं पाम तेलाची निर्यात काही आठवडे थांबवली होती. तेल महागतं, कंपनीचा खर्च वाढतो, हे कोणी नाकारत नाही. चार रुपये जास्त मागितले असते तर काकूंनी दिले असते. चार वेळा भाव वाढले तेव्हाही दिलेच होते.

वजनाचंही तेच. पूर्वी साबणाचं पाकीट ठराविक वजनांतच काढावं लागे. ते बंधन 2021 च्या दुरुस्तीनं काढलं. आता प्रति ग्रॅम किंमत छापणं बंधनकारक आहे आणि ती ओळ खरंच उपयोगाची आहे. काकूंच्या दुसऱ्या कागदावर 100 ग्रॅम आहे, तिसऱ्यावर 90. शेजारी शब्द आहेत, ‘पॅक करतानाचं वजन’. साबणातलं पाणी उडतं म्हणून नियमानं तशी मुभा आहे.

वाड्यातल्या विहिरीवर आम्ही दोन्ही वड्या घासून पाहिल्या. विहिरीचं पाणी जड, त्यात फेस कमीच येतो. काकू मात्र फेसाकडे बघतच नाहीत.

“काकू, तुमच्या पहिल्यांदा कधी लक्षात आलं?”

“हाताला समजते ना बेटा. आधी वडी झिजून झिजून पापडीएवढी उरे. मग ती ओली करून नव्या वडीला चिकटवायची, अशी बसे की सांधा दिसत नसे. आता तं मधातूनच तडकते. अर्धी मोरीत जाते. मले वाटलं, दुकानदारानं नकली माल देला. त्याच्याशी भांडली मी.”

मालात काही नकली नव्हतं. मग काकूंनी कपाट उघडलं, चष्मा लावला आणि तिन्ही कागद पलंगावर एकाखाली एक मांडले. आज आमच्यासाठी त्यांनी ते पुन्हा तसेच मांडले आहेत.

नागपूरच्या थंडीत अंग उलतं. डिसेंबरात हवा कोरडी, त्यात गरम पाण्याची आंघोळ. काकू मनगटाच्या वर नख ओढतात, पांढरी रेघ उठते. यातला साबणाचा वाटा किती आणि हवेचा किती, हे नखाची रेघ सांगत नाही. काकूंचं मत मात्र पक्कं आहे. त्या म्हणतात, हवा तं तीच आहे.

मुलानं पाकिटावरच्या नंबरवर फोन केला. ग्राहकांच्या बदलत्या आवडीनुसार सुधारणा केली आहे, असं उत्तर मिळालं.

22 सप्टेंबर 2025 ला साबणावरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला. इतवारीच्या किराणा ओळीत हा नवा माल उतरतोय. हमाल पेट्या रचताहेत, दुकानदार जुने दर खोडून नवे लिहितोय. भाव खाली आला. काकूंनी पाकीट हातात घेतलं आणि आधी मागची बाजू वाचली. तिथे अजूनही बेदिंग बारच होतं. त्यांनी पाकीट परत केलं आणि पलीकडचा, कधी नाव न ऐकलेला, ग्रेड 1 लिहिलेला साबण मागितला. त्याची जाहिरात टीव्हीवर लागत नाही.

साबणामागोमाग पावडर आणि तेलही बदललं. नणंदेकडे बदललं, वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांत बदललं. दुकानदार सांगतो, या ब्रँडच्या महिन्याला चार पेट्या लागायच्या, आता दोन पुरतात. कंपनीच्या माणसानं विचारलं तर काय सांगता? “सांगतो ना, बायका मागचं वाचून राहिल्या.”