भिंतीवरची फुलं

(विटांची भिंत, अगदी जवळून)

हे पांढरे तुरे बघा. केसाइतके बारीक, कापसासारखे मऊ. कॅमेरा मागे येईपर्यंत कुणालाही रानफूलच वाटेल. पण ही भिंत आहे, आणि तिच्या अंगातून बाहेर आलेलं हे मीठ. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला. इंग्रजीत यासाठी फुलांच्या घरातलं क्रियापद आहे : 'एफ्लोरेस'.

कोश उघडला की अर्थ मिळतो 'फुलणे', आणि बहुतेक जण तिथेच कोश मिटतात. मग भिंत फुलली म्हणजे काय झालं, हे काही कळत नाही.

(कळी उमलताना, वेग वाढवलेलं चित्रण)

लॅटिनमध्ये 'फ्लोस' म्हणजे फूल. त्यावरून 'फ्लोरेरे', फुललेलं असणं. त्यात 'स्क' शिरला की 'फ्लोरेस्केरे', म्हणजे फुलायला लागणं. आणि आधी 'एक्स', म्हणजे बाहेर. 'फ'ला लागून त्याचा 'एफ' झाला. आत दडलेलं हळूहळू बाहेर येऊ लागणं, हा या शब्दाचा गाभा. ही पाकळी बघा, कशी सुटते आहे. मला तर इथे 'फुलणे'पेक्षा 'उमलणे' जवळचं वाटतं.

गंमत अशी, की या कळीसाठी इंग्रजी बोलणारा सहसा 'ब्लूम' म्हणेल. फळझाडाला बहर आला तर 'ब्लॉसम'. 'एफ्लोरेस' तिथे चुकीचं नाही, पण फार जड. एखाद्या काळात कला बहरली, असं लिहिताना मात्र ते शोभतं. क्रियापद अकर्मक आहे. बाग कुणी एफ्लोरेस करत नाही, ती आपली आपण होते.

(काचेच्या बशीत धुण्याच्या सोड्याचा स्फटिक)

आणि रसायनशास्त्रात त्याचं खरं राज्य. हा स्फटिक काचेसारखा नितळ दिसतोय, पण वजनाने त्यात सुमारे ६३ टक्के पाणी आहे. सोड्याच्या प्रत्येक घटकामागे पाण्याचे १० रेणू. कोरड्या हवेत त्यातले ९ निघून जातात. आता कड बघा... आधी धुरकट, मग पांढरी, मग बोट लागताच पीठ. यालाही 'एफ्लोरेस' म्हणतात. इथे बाहेर पडलं ते पाणी, भिंतीत बाहेर आलं ते मीठ. पृष्ठभागावर पांढरा फुलोरा दोन्हीकडे. हवेतलं पाणी ओढून विरघळणाऱ्या क्षारांसाठी उलट शब्द आहे, 'डेलिक्वेस'.

मराठी कानाला हे परकं वाटू नये. आपल्याकडे डोळ्यात फूल पडतं ते पांढऱ्या डागाचं, आणि फुंकर घातली की निखारा फुलतो.

(पुन्हा भिंत)

ओल विटेत शिरते, तिथले क्षार विरघळवते, त्यांना घेऊन पृष्ठभागाकडे येते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कधी ते आतच साचतात, आणि विटेचे पापुद्रे सुटतात.

ब्रश फिरतो आहे, तुरे झडताहेत. ओल जिथून येते ती वाट मात्र उघडीच आहे. पुढच्या उन्हात भिंत सुकायला लागली की ती पुन्हा एफ्लोरेस होईल, याच विटेवर.