घरांच्या भावाची बातमी ऐकताना

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यातील घरांचे भाव वाढल्याची बातमी वर्षातून अनेकदा आपल्या कानांवर येते आणि तिचे परिणाम घराघरांत वेगवेगळे होतात. ज्यांना घर विकायचे आहे ते थांबतात, कारण भाव आणखी चढेल असे त्यांना वाटते. ज्यांना घ्यायचे आहे ते घाईने विसार देतात, कारण पुढच्या वर्षी आपल्याला परवडणारच नाही अशी भीती त्यांच्या मनात बसते. बातमी खोटी असते असे माझे म्हणणे नाही. ती बहुतेक वेळा खरी असते. पण ती कोणत्या घरांविषयी खरी आहे, हे विचारल्याशिवाय तिच्या आधारावर आपला व्यवहार ठरवू नये, असे मला मनापासून वाटते.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त मास्तर डिचोलीला राहतात. फोंड्याला त्यांचा एक फ्लॅट होता. जुन्या इमारतीतला, दुसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला, पण हवेशीर आणि बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा. मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला स्थायिक झाली, तेव्हा तो विकावा असे मास्तरांनी आणि काकींनी ठरवले. नेमकी त्याच सुमारास गोव्यातील घरांचे दर कमालीचे वाढल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. मास्तरांनी तिचे कात्रण काढून ठेवले, बातमीतल्या चौरस मीटरच्या दराने आपल्या फ्लॅटच्या क्षेत्रफळाला गुणले आणि जो आकडा आला तोच दलालाला सांगितला.

गिऱ्हाइके येत, फ्लॅट पाहत, भाव ऐकत आणि पुन्हा येत नसत. चतुर्थी झाली, दिवाळी झाली, पुढचा पावसाळाही आला. बंद फ्लॅटच्या भिंतींना ओल धरली आणि सोसायटीची वर्गणी मात्र दरमहा भरावी लागत होती. मास्तरांना कोणी काही सुचवले की ते कात्रण दाखवीत.

मग एक तरुण जोडपे आले. ती बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात परिचारिका आणि तो कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. फ्लॅट दोघांनाही पसंत पडला. भाव ऐकल्यावर त्या मुलीने घासाघीस केली नाही. तिने विचारले, "मास्तर, हा दर आपण कशावरून काढला?" मास्तरांनी कात्रण पुढे केले. तिने ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचले आणि शेवटचा परिच्छेद मास्तरांनाच मोठ्याने वाचायला सांगितला. त्यात लिहिले होते की हे दर आसगाव, शिवोली, हणजूण या बार्देशातील गावांमधल्या व्हिलांचे असून ते जाहिरातींवरून काढलेले आहेत. म्हणजे ते मागितलेले दर होते. त्या दराने एक तरी घर विकले गेले की नाही, याविषयी बातमीत एक अक्षरही नव्हते.

त्यानंतर तिने पिशवीतून दोन विक्रीखतांच्या प्रती काढल्या. त्याच रस्त्यावरच्या दोन इमारतींत अलीकडे विकल्या गेलेल्या फ्लॅटांची ती विक्रीखते होती आणि सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात रीतसर अर्ज करून, शुल्क भरून तिने त्या प्रती मिळवल्या होत्या. त्यांतला दर मास्तरांच्या दराच्या निम्म्याहून थोडासाच अधिक होता.

मास्तर दुखावले. "दुसऱ्यांनी स्वस्तात दिले म्हणून मीही द्यावे काय?" असे म्हणून ते उठले. तेव्हा इतका वेळ गप्प असलेल्या काकी बोलल्या. "विक्रीखतावर माझी सही लागणार आहे ना? मग भाव ठरवतानाही माझे मत घ्या. ह्या मुलीने दाखवलेल्या कागदांतल्या दोन्ही इमारती आपण जाऊन बघू या."

काकींचे म्हणणे नुसते घरगुती नव्हते, ते कायद्याचे होते. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नी सामान्यतः मालमत्तेचे समान भागीदार असतात आणि स्थावर मालमत्ता विकताना दोघांचीही संमती लागते. बाईला तिच्या घरावर इतका स्पष्ट हक्क देणारी ही तरतूद मला फार मोलाची वाटते आणि आपल्या मुलींना ती शाळेतच शिकवली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

तर काकींच्या आग्रहाने मास्तर फोंड्याला गेले. त्या दोन इमारतींपैकी एकीला लिफ्ट होती, गाडी ठेवायला जागाही होती, तरीही तिथला फ्लॅट त्या दराने गेला होता. मास्तरांनी घरी येऊन स्वतःच जोडप्याला फोन केला. हवेशीरपणा आणि बाजाराची जवळीक यांसाठी त्या दरापेक्षा थोडे अधिक देण्यास मुलगी आनंदाने तयार झाली आणि कर्जासाठी बँकेच्या मूल्यांकनकाराने जी किंमत काढली, ती ठरलेल्या भावाच्या जवळच निघाली.

मागितलेला भाव वेगळा आणि नोंदलेला भाव वेगळा. श्रोतेहो, पुन्हा सांगते, मागितलेला भाव वेगळा आणि नोंदलेला भाव वेगळा. काही लोक रकमेचा भाग कागदाबाहेर रोखीने देतात, त्यामुळे नोंदलेला दर कधी कमी दिसतो, हे खरे आहे. तो प्रकार बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्यामुळे प्रामाणिक माणसाला खरा बाजारभाव कळेनासा होतो.

दुसरा प्रश्न गावाचा. रिझर्व्ह बँकेचा घरकिमतींचा निर्देशांक कित्येक वर्षे दहा शहरांतील नोंदणीवरून काढला जात होता आणि त्या दहांत गोव्यातील एकही शहर नव्हते. म्हणून देशभरातील घरे महागली, या बातमीवरून सांग्याच्या किंवा काणकोणच्या घराविषयी काहीच ठरवता येत नाही. सरासरीचेही तसेच आहे. एखाद्या तिमाहीत चार आलिशान व्हिला विकल्या गेल्या की सरासरी वर जाते. तुमच्या वाड्यावरच्या घराची किंमत मात्र होती तिथेच असते.

व्याजदराची बातमी ऐकताना हिशेब मांडावा. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६.५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आणला. साडेआठ टक्क्यांच्या आसपासच्या व्याजाने २० वर्षांसाठी ५० लाखांचे कर्ज घेतले असेल, तर पाव टक्का व्याज कमी झाल्याने मासिक हप्ता सुमारे ८०० रुपयांनी उतरतो. तेवढ्यासाठी विक्रेत्याने भाव लाखांनी वाढवला तर तो फायदा खरेदीदाराचा राहत नाही. नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्यानुसार करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि क्षेत्रफळ कार्पेट एरियातच, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेतच, सांगावे लागते.

गोव्यात सर्वांत जपून ऐकावी अशी बातमी जमिनीच्या झोनबदलाची आहे. अमुक गावातील बागायती जमीन सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घरे बांधता येणाऱ्या पट्ट्यात, आली, असे कळताच तिथले भाव चढतात. परंतु नगर नियोजन कायद्यात २०२३ मध्ये आलेल्या कलम १७ (२) खालील झोनबदलाचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले आणि तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. झोन बदलला म्हणजे सनद, अर्थात जमीन बिगरशेती कामासाठी वापरण्याची सरकारी परवानगी, मिळाली असेही नव्हे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा प्लॉटसाठी विसार देण्यापूर्वी नगर नियोजन खात्याकडून ताजा झोनिंग दाखला घ्यावा, एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर कुळाचे किंवा कोमुनिदादीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेचे, नाव आहे काय ते पाहावे, जागेवर मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत मालकाच्या संमतीने घर करून राहणाऱ्याचे, घर आहे काय याची शेजारी चौकशी करावी, आणि मूळ मालक वारला असेल तर इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देणाऱ्या न्यायालयीन कामकाजाचा, निकाल मागून सर्व वारसांच्या व त्यांच्या पतिपत्नींच्या सह्या होणार आहेत की नाही, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

नमस्कार.